भरल्या डावातून उठवलेली लेक

मांडलेल्या डावातून जो आपखुशीने उठून जातो त्याला दोष लागावा, हे न्यायाला धरूनच आहे. कारण त्याच्या वाटणीची हारही मागे राहिलेल्यांना सोसावी लागते. परंतु ज्याला दुसऱ्या कोणी हाताला धरून उठवले त्याच्यावरच पळून गेल्याचा शिक्का बसावा, आणि उठवणारा मात्र चारचौघांत ताठ मानेने वावरावा, असे घडले तर तो दोष कोणाच्या पदरात घालायचा? यंत्राला हा प्रश्न पडत नाही. जागा रिकामी दिसली, एवढेच ते पाहते आणि दंड करते. माणसाला मात्र तो प्रश्न सुखाने जेवू देत नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या शिवेवर झेंडू पिकवणाऱ्या केशवरावांना तो गेले काही दिवस जेवू देत नव्हता. त्यांची एकुलती एक लेक गीतांजली मोबाईलवर लढाईचा एक खेळ खेळत असे. एका बाजूला पाच जणी, समोर पाच जण. त्या खेळात जे सामने क्रमांक ठरवतात, त्यांतला एखादा अर्धवट सोडला की गुण कापले जातात, काही काळ खेळायला बंदी होते, आणि नावापुढे तशी खूण उमटते. गीतांजलीच्या नावापुढे ती उमटली होती. मुलींच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिच्या संघाला पाच नावे आज दिवस मावळण्याच्या आत द्यायची होती. आणि सकाळी “मले टीममधून काढलं,” एवढे एकच वाक्य बोलून ती फुलांच्या टोपल्या गाडीला बांधून अमरावतीच्या बाजाराला निघून गेली होती. दुपार कलल्यावर केशवरावांनी पत्नीचा, पार्बताबाईंचा मोबाईल मागून घेतला. त्यात नगमाचा नंबर होता. नगमा ही त्या संघाची कप्तान, राहायला अकोल्याला.

“हॅलो?… हॅलो, आवाज येऊन राहिला का?… हो, हो… नगमा हाय का?… नाही, नाही, कंपनीचा माणूस नाही मी… काही विकून नाही राहिलो, बाप्पा… मी केशवराव बोलतो, नांदगाव खंडेश्वरहून… अहो, गीतांजली हाय ना, तुमच्या नगमाच्या टीममधली… हां! तिचा बाप… हो. तुमी?… ताहेरभाई! नगमाचे अब्बा! नमस्कार, नमस्कार… माफ करा, पोरीच्या फोनवर असा परका माणूस… नाही, तुमी इचारलं ते बरोबरच केलं. माह्या पोरीच्या फोनवर कोणी बुवा बोलला असता तर मी आधी त्याचं गाव इचारलं असतं, मंग तालुका, मंग बापाचं नाव… हा हा… हो ना.”

“नमाज पढून राहिली?… पढू द्या, पढू द्या. घाई नाही… म्हणजे घाई हाय, पण नमाजीपुढं काय घाई. मी थांबतो.”

“तुमचं कसं चालू हाय?… बांगड्यांचं दुकान ना? गीता सांगते. तिनं आणल्या होत्या तुमच्याकडून आईसाठी, हिरव्या… हो, आहेत अजून हातात… गिऱ्हाईक नाही?… तेल्हाऱ्याकडचे लोक येत होते, ते पण बंद झाले?… हं. खरं हाय. वावरात पिकलं नाही तर बांगड्या कोण भरन… तुमचं अन् आमचं एकच हाय, ताहेरभाई.”

“बरं, एक इचारू? तुमाले राग नाही येत का ह्या गेमचा?… येते ना! मलेही येते… दिवसभर कानात ते बोळे घालून ‘मार, मार, मागून आला’… हो, हो, आमच्या इथंही तेच! एकदा ही अशी ओरडली, ‘मागून आला’, तर हिची आई काठी घेऊन मागच्या दारानं धावली. म्हणे कोणाचं कुत्रं आलं… हा हा… शप्पथ!… मंग तुमी काय करता, राग आला म्हणजे?… काय?… रिचार्ज मारून देता?… राग येते तरी?… … हं… हारून उठली तर जेवत नाही म्हणून… हं. बरोबर हाय.”

अकोल्याच्या त्या बांगडीवाल्याने हसत हसत सांगितलेली ही साधी गोष्ट केशवरावांना नेमकी कोठे जाऊन लागली, हे त्याला कळण्याचे काही कारण नव्हते. केशवराव ओसरीवर बसले होते ते उठून उभे राहिले, आणि मोबाईल एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“हो, हो, द्या तिले… नगमा? बेटा, मी गीताचा बाबा… जिती राह्य… हिंदीतच बोल, समजते मले. बोलता पण येते, पण माही हिंदी ऐकून तुले हसू आवरणार नाही… हां… नाही, गीताची तब्येत ठीक हाय. बाजारात गेली, फुलं घेऊन… तिले मालूम नाही मी फोन केला ते. मीच लावला.”

“ऐक ना. मले त्या दिवशीच्या मॅचचं बोलायचं हाय… हो, तीच. जिच्यातून गीता निघाली… हो. तुमी चौघी राहिल्या अन् समोर पाच… हारल्या ना?… बम वाईट हारल्या?… तुहे पण पॉईंट गेले?… अन् अलीझाचे? अलीझा म्हणजे तुही लहान बहीण ना?… ती रडली?… … हं. ते माह्या ध्यानात नव्हतं, बेटा. तुमी चौघी माह्या ध्यानातच नव्हत्या.”

“पार्बता, गाईले पाणी दाखवलं का?… दाखवलं?… अन् भाकरी?… झाल्या?… बरं. बस मंग.”

पार्बताबाई उंबऱ्याशी दोऱ्यात झेंडू ओवीत बसल्या होत्या. दसरा तोंडावर असल्याने घरातले रिकामे हात रिकामे राहत नव्हते. नवऱ्याने गाईची चौकशी केली ती गाईसाठी नव्हे, तर आपल्याला तेथून उठवण्यासाठी, इतके त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात कळत होते. म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

“नाही, नाही, तुले नाही म्हटलं, बेटा, आमची मंडळी हाय इथं… हो, सांगतो. पार्बता, नगमा तुले सलाम म्हणते.”

“तर ऐक. गीता पळाली नाही. मी फोन केला तिले. माह्या फोननं तुटलं ते… सांगतो ना, ऐक. आमच्या विहिरीवर मोटर हाय. तिच्या डब्यात सिमकार्ड टाकलेलं हाय… मोटरच्या डब्यात! हो, आमच्या मोटरले मोबाईल नंबर हाय… हस, हस. तुमी शहरात नळ फिरवला की झालं. इथं लाईनचा काय भरोसा? एक आठवडा दिवसा देते, एक आठवडा रात्री, अन् तीही कधी येईन, कधी जाईन… तर लाईन आली की मोटरले फोन लावायचा, मंग ती चालू होते. पण कोणाच्याही फोननं नाही होत. ज्याचा नंबर आत टाकला त्याच्याच फोननं. अन् आत नंबर हाय गीताचा.”

“माहा काहून नाही टाकला?… ती टाकून देत होती. मागं लागली होती माह्या. मीच नको म्हटलं… आमच्या घरी पेरणीची पहिली मूठ लेकीच्या हातानं सोडतात, बेटा. तिच्या हाताले बरकत हाय असं मानतो आमी. मी म्हटलं, पाणीही तिच्याच हातानं सुटू दे. म्हणून लाईन आली की मी वावरातून तिले फोन लावतो, अन् ती घरून मोटरले लावते… हो. मी वावरात उभा, मोटर माह्यापासून हाकेवर, अन् फोन घरी पोरीले… हस बाप्पा, हस. ताहेरभाईलेही सांग, ते पण हसतीन.”

“अन् तिच्या त्या जुन्या मोबाईलमधी फोन वाजला की नेट तुटते… हां, तुले मालूम हाय. म्हणून ती निघाली. उन्हाळ्यात एकदा असंच झालं होतं. तवा तिनं मले बसून समजावलं होतं, ‘बाबा, मॅच चालू असली तर फोन नका करू, गेम मले पळपुटी समजते, अन् मोटरशी बोलून परत येईपर्यंत बंदी टाकते’… हो, सांगितलं होतं तिनं… मंग पुन्हा काहून केला?… …”

“लाईन आली होती ना, बेटा. झेंडूनं माना टाकल्या होत्या. लाईन आली, मी लावला फोन. सवयीनं.”

हा शेवटचा शब्द केशवरावांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहत उच्चारला आणि लगेच दृष्टी दुसरीकडे वळवली.

“तिनं असं सांगितलं नाही तुमाले?… मंग काय म्हणाली?… ‘नेट गेलं’? बस, एवढंच?… बाबाचा फोन आला, असं नाही म्हणाली?… एकदाही?… … माह्यं नावच नाही घेतलं तिनं…”

“नाही, नाही, हाय मी. ऐकून राहिलो… काय म्हणतेस?… सगळ्याईले सांगशील? लाईनमुळं झालं म्हणून?… अन् त्या समजून घेतीन?… हो, लाईट तर सगळ्याईच्याच घरची जाते… मंग नाव लिहिशील ना तिचं? आज द्यायचं हाय ना, दिवस मावळायच्या आत?… अन् ती बंदी?… स्पर्धेच्या आधीच उठते? मंग झालं तर!… तिले काय इचारायचं? ती कशी नाही म्हणन?… काहून गप्प झाली?… बरं, बरं. इचार. इचारून लिही.”

“काय?… नाही, बेटा. असं नको म्हणू… चांगला अब्बा कशाचा… इतर कोणाच्या बापानं टीमच्या कप्तानले फोन नाही लावला, ते ठीक हाय, पण… नको म्हणू, म्हटलं ना…”

येथे केशवरावांना फोन ठेवता आला असता. ज्यासाठी त्यांनी तो केला होता ते पदरात पडण्यासारखे दिसत होते. मुलीच्या माथ्यावरचा डाग विजेच्या माथी गेला होता, आणि वीज काही उत्तर द्यायला येणार नव्हती. शिवाय समोरची मुलगी त्यांना भला माणूस म्हणत होती. हे ‘भला’ म्हणणेच त्यांना पेलवेना. दोषाचे ओझे घेऊन माणूस पुष्कळ दिवस हिंडू शकतो. त्याच ओझ्यावर कोणी फुले वाहिली की मात्र त्याची पाठ वाकते.

“हॅलो… नगमा, ठेवू नको. ऐक… ऐक ना, बेटा. लाईन आली नव्हती.”

पार्बताबाईंची सुई फुलात तशीच राहिली.

“त्या दिवशी लाईन आली नव्हती. मी खोटं बोललो तुह्यासंग आता… नाही, चुकून नाही झालं. दिवेलागण झाली होती. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होतो. मोटरच्या डब्यावरचा लाईट बंद होता, मले दिसत होतं. तुमची मॅच चालू असन हे मले मालूम होतं. जिंकल्या तर वर जाता, हेही मालूम होतं. तिनंच सांगितलं होतं फुलं तोडता तोडता, मोठ्या खुशीत. अन् मी फोन लावला. ‘गीता, लाईन आली,’ म्हटलं… हो. ती ‘बरं बाबा’ म्हणाली. बस.”

“काहून केलं?… … पार्बता, अशी पाहू नको माह्याकडं. तुह्यासमोरच सांगून राहिलो ना?… मंग ऐक तूही.”

“बेटा, आदल्या दिवशी मी रांजणाशी पाणी पीत होतो. ती आतल्या खोलीत तुमच्यासंग बोलून राहिली होती. स्पर्धा जिंकली तर पुण्याले जायचं, पाचही जणींनी एका घरात राहायचं, सालभर तिथंच खेळायचं… हो, तेच. अन् ती हसून राहिली होती. वावरात ती हसते, नाही असं नाही, पण असं हसणं मी… जाऊ दे. मले वाटलं, गेली. आता ही गेली.”

“आमच्या गल्लीत ये कधी. खुशालरावच्या दाराले कुलूप हाय. पोरं सुरतले. त्याच्या बाजूचंही बंद. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या साली जे निघाले ते निघाले, पोळ्याले पण येत नाहीत. त्याईले कोणी पळपुटं नाही म्हटलं, बेटा. कोणाचे पॉईंट नाही कापले. मी खुद उभी कपाशी उपटून फेकली अन् झेंडू लावला. मलेही कोणी दंड नाही केला. लोक म्हणे, शहाणा हाय केशव. अन् पोरगी जराशी उठून पुण्याले जाऊन पाहते म्हणाली, तर मी तिले… चालू डावातून… अन् वरतून दंडही तिच्याच नावावर…”

“हॅलो?… हाय ना तू?… हां. मले वाटलं ठेवला.”

“बोल ना काही. शिव्या दे पाहिजे तर. तुहे पॉईंट गेले, बहीण रडली… काय?… मालूम हाय?… तुले मालूम हाय?… कधीपासून?… … कोणी सांगितलं? हे तर मी कोणालेच… गीतानं?… नाही, तिले कसं मालूम असन? ती तर घरात होती. मी म्हटलं लाईन आली, तिनं मोटरले फोन लावला अन्… काय?… मोटर बोलते?… … लाईन नसली तरी? आतल्या बॅटरीवर?… मोटर बोलते म्हणजे? काय बोलते?… ‘वीजपुरवठा बंद आहे’?… असं? बाईच्या आवाजात?… …”

“मले नव्हतं मालूम, बेटा. मी कधी मोटरले फोन लावलाच नाही ना.”

कलत्या दुपारी वस्ती शांत असते. शेजारच्या गोठ्यात एखादे वासरू खुराने जमीन उकरत असावे, तेवढाच आवाज होता. केशवराव खाली बसले. ज्या यंत्राला लेकीच्या हाताने चालवायचे म्हणून त्यांनी हट्ट धरला होता, त्याला वाचा आहे हे त्यांना इतक्या दिवसांत ठाऊक झाले नव्हते. आणि ते यंत्र जे बोलले होते, ते त्यांच्याविरुद्ध त्याच क्षणी, त्यांच्या लेकीच्या कानात बोलले होते.

“म्हणजे तिले त्याच मिनिटाले समजलं… हो… मी घरी आलो तवा तिनं चहा ठेवला होता माह्यासाठी. इचारलं, ‘भिजलं का वावर, बाबा?’ मी म्हटलं, ‘भिजलं.’ तर म्हणे, ‘बरं झालं’… … तिले मालूम होतं अन् म्हणे बरं झालं…”

“हो, बोल. ऐकून राहिलो… तुमी नाही काढलं?… मंग?… काय म्हणतेस?… तिनंच? स्वतःच म्हणाली नाव नको लिहू?… काहून?… सांग ना. तिनं कसम घातली असन तर मोडली समज, पाप मले लागू दे… जसं म्हणाली तसंच सांग… हं… ‘बाबा भ्यायले’… हं… ‘भ्यायलेल्या माणसाले सोडून कशी येऊ’… … हं.”

“नाही, रडून नाही राहिलो… पार्बता, पाणी दे जराशिक.”

पार्बताबाईंनी तांब्या आणून ठेवला. नवऱ्याच्या हाती पेला देताना तो त्याच्या हातात नीट बसला की नाही, हे पाहून मग सोडला. त्यांच्या मनात त्या घटकेला राग होता की कणव, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही होते, आणि त्यांपैकी कोणाला आधी वाट द्यावी हे त्यांचे ठरत नसावे.

“अन् आमाले म्हणाली टीमनं काढलं. माह्यावर बोल येऊ नये म्हणून तुमच्या माथी मारलं… मी मनात किती बोललो तुमाले, नगमा. म्हटलं, शहरातल्या पोरी, त्याईले काय कदर… हो, म्हटलं. खोटं कशाले बोलू आता. तेही माफ कर… हस नको, बेटा, मनापासून बोलून राहिलो.”

“मंग आता?… ती हो म्हणन तरच लिहिशील… बरोबर हाय. तिच्याशिवाय कसं लिहिशील… मी सांगून काय होते, हो ना. मी सांगितलं तर तिले वाटन, बाबा पुन्हा… हं… किती येळ हाय अजून?… तेवढाच?… थांब, थांब. गाडीचा आवाज येऊन राहिला. तीच हाय. आली, आली… नाही, ठेवू नको! ठेवू नको, नगमा, चालूच राहू दे.”

गीतांजली अंगणात आली. गाडीला बांधलेल्या टोपल्या रिकाम्या होत्या आणि कपाळावरच्या केसांवर रस्त्याची धूळ होती. बापाच्या कानाशी आईचा मोबाईल पाहून ती गाडीवरून उतरता उतरता थांबली.

“गीता, इकडं ये… टोपल्या राहू दे. भाव नंतर सांग… ये ना वं… फोनवर नगमा हाय… मीच लावला. तिनं नाही… रागावू नको तिच्यावर, तिनं काही मोडलं नाही. मीच बोललो आधी… काय बोललो?… लाईन आली नव्हती, हे बोललो.”

गीतांजली गाडी उभी करून ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

“हो. तुले मालूम होतं, हे मले आता मालूम झालं… भांडली काहून नाही माह्यासंग? भांडायचं होतं ना. फेकून मारायचा होता तो मोबाईल माह्या अंगावर… चहा कशाले ठेवत होती?… आईकडं नको पाहू, माह्याकडं पाह्य. आईले सगळं सांगितलं, तिच्यासमोरच सांगितलं… हो, तीही रागावली हाय. रागावू दे.”

“… … वावराचं? वावराचं मी पाहीन ना… कसं म्हणजे? जसं तू नव्हती तवा पाहत होतो… नाही, तसं नाही म्हणत की तुही गरज नाही. गरज हाय. बम गरज हाय, गीता. पण गरज हाय म्हणून कोणाले दावणीले बांधायचं नसते, हे मले जनावराच्या बाबतीत समजते अन् लेकीच्या बाबतीत नाही समजलं… ऐक, ऐक ना… भीती?… हो, भ्यायलो होतो. अजूनही भेतो. ते काही आज फोन केल्यानं गेलं नाही… पण भीती माही हाय ना? मंग तू काहून वाहून राहिली ती?”

“परत येशील का नाही, ते नाही इचारणार मी… नाही इचारणार, म्हटलं ना. कधीच. तुले वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगू… माफ? ते तुह्यं तू पाह्य. आजच्या आज कर असं कुठं म्हणून राहिलो… दिवस मावळून राहिला, पोरी. ती तिकडं खोळंबली हाय… नगमा, हाय ना?… हाय. घे. बोल तिच्यासंग. हो म्हण, नाही म्हण, पण तुह्या मनानं म्हण. माह्या तोंडाकडं पाहून नको म्हणू. घे… मी जातो बाहेर.”

मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात गेला. केशवराव पायरी उतरून गाडीपाशी गेले आणि तिला बांधलेल्या टोपल्यांच्या दोऱ्या सोडू लागले. फुलांवर शिंपडलेल्या पाण्याने गाठ ओली होऊन आवळली होती. ती त्यांच्याने लवकर सुटेना, आणि त्यांनी ओसरीकडे पाठ केली होती ती वळवली नाही. त्यांना जे ऐकू आले ते पाठीनेच ऐकले.

“हॅलो… हो, मीच… हो, घरीच हाय… नाही वं, रडून कुठं राहिली. धूळ हाय रस्त्यानं… हो, त्यांनीच सांगितलं, आता… आईच्या समोर… मले नाही माहीत. राग हाय. जाईन तवा जाईन… तुह्या अब्बाले काय झालं हसाले?… मोटरले फोन लावतात म्हणून?… सांगू दे त्याईले सगळ्या गल्लीत, काय होते… अलीझा हाय का तिथं? तिले म्हणावं, तुहे गेलेले पॉईंट मी भरून देते… हो… हो ना, ऐक ना, नगमा… … लिही. माह्यं नाव लिही.”

मग तिने मोबाईल तसाच कानाशी धरून ठेवला. पलीकडे कदाचित लिहिणे चालले असेल, किंवा दोघी मैत्रिणी नुसत्याच एकमेकींचा श्वास ऐकत असतील. पुढे तिने फोन ठेवला, आणि अंगणात येऊन बापाच्या हातातली ती गाठ आपल्या नखांनी सोडवू लागली. पार्बताबाई सुईत पुढचे फूल ओवू लागल्या.

जी निघाली आहे तिचा डाव शेवटपर्यंत तिचाच राहो. ज्याने तिला एकदा उठवले आणि आज पुन्हा बसवले, त्या बापाला एकट्याने उभे राहण्याचे बळ मिळो. आणि मैत्रिणीचा शब्द इतके दिवस जपणाऱ्या त्या अकोल्याच्या लेकीच्या घरी, बांगड्यांच्या त्या दुकानात, पुन्हा गिऱ्हाइकांची वर्दळ होवो. सर्वांचे कल्याण असो.